त्रेसष्ट नंबरचा पोस्टमन

भांगरवाडीतल्या ओव्हाळांच्या घरात शब्दांची एक वही होती. शब्द धम्मदीपचे आणि वही ठेवणार त्याची बायको, यशोधरा.

वहीची कल्पना तिची नव्हे. पुण्याच्या वाचा-उपचारवाल्या मॅडमनी सांगितलं होतं, की दिवसभरात समोरच्याला नीट कळतील असे किती शब्द निघतात ते मोजून लिहीत जा, म्हणजे आजार कुठवर आलाय ते समजतं. दुसऱ्या कुणी चार दिवस लिहिलं असतं आणि पाचव्या दिवशी वही कपाटावर टाकली असती. यशोधरा खंडाळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला होती. अकरा वर्षं ती आल्या-गेल्याचं रजिस्टर भरत होती. कुठलं जोडपं खरंच नवराबायको आहे आणि कोण जाताना टॉवेल बॅगेत घालणार, हे तिला पाहुण्यानं नाव लिहायच्या आत कळायचं. तिनं पट्टीनं रेघ मारून वहीचे दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'घर', दुसऱ्यावर 'खेळ'. रकाने मॅडमनी सांगितले नव्हते, ते तिचं स्वतःचं डोकं.

फेब्रुवारीत रोजचे साडेपाचशे शब्द भरत होते. जूनमध्ये तीनशे. ऑक्टोबर संपताना एकशे चाळीस. त्या एकशे चाळिसातले एकशे चार 'खेळ' रकान्यात. उरलेल्या छत्तिसातले एकवीस सासूबाईंना जात, कारण हिराबाईंना कमी ऐकू यायचं आणि प्रत्येक शब्द दोनदा लागायचा. सहा दोस्ताला, विक्कीला, फोनवर. यशोधराच्या वाट्याला नऊ. त्यातले तीन 'पाणी'.

एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचे रोजचे नऊ शब्द. त्यावर संसार करायचा म्हणजे कसा, हे तिनं कुणाला विचारलं नाही. विचारून कोण सांगणार होतं.

धम्मदीप आंबीच्या एका कारखान्यात मापं तपासायचा. यंत्रातून निघालेला सुटा भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात बसतो की नाही ते पाहायचं आणि बसत नसेल तर लाल खूण करून बाजूला टाकायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हातातून मायक्रोमीटर पडला. दुसऱ्या दिवशी परत पडला. मग शर्टाची बटणं लागेनात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून वाळत चालल्यात. आधी हात, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. हे सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर पाणी प्यायले, ते यशोधरानं टिपून ठेवलं होतं. मनातच.

हात गेल्यावर धम्मदीपला जे सुचलं ते ऐकून कुणीही कपाळावर हात मारला असता. तो टीव्ही गेमकडे वळला. आपण लहानपणी कॅसेट घालून खेळायचो ते जुने खेळ आता कॉम्प्युटरवर चालतात. त्यात एक सोय अशी, की खेळ थांबवून एकेक फ्रेम पुढं सरकवता येतो. एका सेकंदाच्या साठ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला कुठलं बटण दाबायचं ते निवांत ठरवायचं, चुकलं तर मागं जायचं आणि परत दाबायचं. असं करत करत शेवटी सगळं सलग लावलं, की जगातल्या कुठल्याही चपळ पोराला जमणार नाही इतक्या वेगानं खेळ संपतो. याला टूल असिस्टेड स्पीडरन म्हणतात, तो 'टास' म्हणायचा. ज्याला एक बटण दाबायला पाच सेकंद लागतात तो माणूससुद्धा इथं सगळ्यांत वेगवान ठरू शकतो. शंभरावा हिस्सा मोजण्यात ज्याची पंधरा वर्षं गेली त्याला हे गोड लागणारच होतं.

या दौडी ठेवण्याची एक साइट आहे. खेळाचं नाव, वेळ आणि खाली करणाऱ्याचं नाव. धम्मदीपला एवढंच हवं होतं. एका खेळाखाली 'धम्मदीप ओव्हाळ, लोणावळा'.

अडचण अशी, की नावाजलेले खेळ लोकांनी वीस-वीस वर्षं घासून हाडापर्यंत आणलेले. तिथं एक फ्रेम वाचवायला वर्ष जातं. म्हणून त्यानं साइटच्या चर्चेत लिहिलं, की कुणाचं लक्ष न गेलेला, आजवर कुणी हात न लावलेला आणि वर्षभरात पुरा होईल असा एखादा खेळ सुचवा. वर्षभरातच का, ते नाही लिहिलं.

एकतीस खेळ सुचवले गेले. यशोधरा दुपारी तीनला ड्यूटी संपवून यायची, चहा टाकायची आणि एकेक वाचून दाखवायची. त्या वेळी बोलणं बरं होतं. कुठला खेळ चालेल, कुठला नाही, हे तो तिला समजावून सांगायचा. ज्यात पडदा आपोआप सरकतो तो बाद, कारण बसमध्ये बसून तुम्ही कितीही पळा, पोचणार बस पोचेल तेव्हाच. ज्यात पात्रं उभी राहून गप्पा मारतात तोही बाद. नशिबावर चालणारा चालेल, पण त्या नशिबाचा क्रम ओळखता आला पाहिजे. फिनलंडचा आन्सी म्हणून एक जण होता, त्यानं मासे धरायचा खेळ सुचवला. ब्राझीलच्या एकानं गोगलगाईंची शर्यत सुचवली. सगळ्यांत वेगवान दौड करायची आणि ती गोगलगाईंची, यावर यशोधरा हसून हसून लाल झाली. एकात लॉरीतून अंडी न्यायची होती. धम्मदीप म्हणाला, हा आपल्याला नको, घाटातले ड्रायव्हर वर्गणी काढून मारतील.

शेवटी खेळ त्यानं स्वतःच सुचवला. पोस्टमन.

खेळाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पडद्यावरची अक्षरं जपानी की चिनी तेही कळत नव्हतं. निळी टोपी घातलेला एक बुटका माणूस खांद्यावर फुगलेली पिशवी घेऊन छपरांवरून पळतो, मागं कुत्री लागतात, खिडक्यांतून लोक ओरडतात. भांगरवाडीच्या पोरांनी ठरवून टाकलं, हा पोस्टमन. एकशेदहा खेळांच्या एका कॅसेटमध्ये तो होता आणि ती कॅसेट जानूशेठच्या दुकानात होती. बाजारामागच्या गाळ्यात दोन टीव्ही, एक रुपयाला तीन जीव. जीव संपले की उठायचं, नाहीतर दुसरा रुपया. खेळाचा नंबर जानूशेठ स्वतः लावून द्यायचा. पोरांनी बटणं दाबली की बटणं जातात, असं त्याचं म्हणणं. पोस्टमनचा नंबर त्रेसष्ट. आजही भांगरवाडीत चाळिशीच्या आसपासच्या कुणालाही त्रेसष्ट म्हणा, त्याच्या तोंडावर हसू येईल.

दुकान बंद झालं तेव्हा कॅसेट विक्कीनं उचलली होती. विक्की म्हणजे धम्मदीपचा शाळेपासूनचा दोस्त, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं कॅसेट उघडून आतला सगळा माल कॉम्प्युटरवर काढून दिला. धम्मदीपनं चर्चेत लिहिलं, की हा खेळ टाससाठी जणू बेतलेला आहे. पडदा आपण पळू तसा सरकतो, बोलणं कुठं नाही, भिंतीला पाय लावून उडी मारली की वेग वाढतो. आन्सीनं उत्तर दिलं, की आमच्या कुठल्याच यादीत हा नाही, तूच कर, आम्ही वाट बघतो. त्या दिवशी धम्मदीप दोन पोळ्या जास्त जेवला.

जानेवारीत सुरुवात केली तेव्हा उजव्या हाताचं एक बोट चालत होतं. एप्रिलमध्ये ते गेलं आणि यशोधराची बोटं लागली. रोज चार ते सहा. तो सांगणार, ती दाबणार. "उजवं. थांब. उडी. पुढं. मागं." बहुतेक दिवस एवढ्या पाचच शब्दांवर निभायचे, फक्त ते शंभर वेळा लागायचे. तिला खेळ आवडत नव्हता. तिला त्या बुटक्याचा चेहरासुद्धा आवडत नव्हता. पण पडद्याच्या कोपऱ्यात आपण कितीदा मागं फिरलो त्याचा आकडा आपोआप वाढत असायचा, त्याच्याकडे मात्र तिची नजर जायची. तीस हजार. छत्तीस हजार. तिच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही, आणि वर मॅनेजरची बोलणी.

सप्टेंबरात एकदा तिचा बांध फुटला. म्हणाली, "अहो, दिवसाला दीडशे शब्द उरलेत तुमच्याकडे. माझ्याशी बोला की थोडं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, पण खोड गेली नव्हती. "बोलतोय की," तो म्हणाला. "उजवं."

तिनं उजवं दाबलं. दुसरं काय करणार.

ऑक्टोबरच्या शेवटी पोस्टमन शेवटच्या छपरावरून उतरला. सहा मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. मागं फिरण्याचा आकडा, एक्केचाळीस हजार तीनशे शहाऐंशी. यशोधरानं दौड साइटवर पाठवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे आठ दिवस वहीतला 'खेळ' रकाना कोरा राहिला. रोजचे एकशे वीसच्या आसपास शब्द, आणि सगळे घरात. त्यानं विचारलं, हॉटेलात तो कुत्रा घेऊन येणारा डॉक्टर परत आला का. पवनानगरला तिच्या आईच्या डोळ्याचं काय झालं. लग्नाआधी तो तिला बघायला आला तेव्हा तिच्या काकानं त्याला तीन तास धरणाची माहिती दिली होती, त्याची त्यानं नक्कल केली. सोळा शब्दांत केली, पण केली. एका दिवशी तिच्या वाट्याला त्रेपन्न शब्द आले. तिनं आकडा लिहिला आणि जरा वेळ वही उघडीच ठेवली, शाई वाळायची होती म्हणून. पेन बॉलपेन होतं.

नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती रिसेप्शनला असताना उत्तर आलं. समोर एक पाहुणा आधार कार्ड गाडीत राहिलं म्हणून सांगत होता. ती त्याला हो हो करत मोबाइलवर वाचत होती. पत्र साइटच्या तपासणाऱ्यांचं होतं आणि फार सभ्य होतं. काम सुंदर आहे, इतकी काटेकोर दौड आम्ही बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. परंतु हा खेळ पहिल्या पायरीपासून, म्हणजे पहिल्या लेव्हलपासून, सुरू होत नाही. अशा कॅसेटमध्ये आकडा फुगवण्यासाठी एकच खेळ वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून वेगवेगळ्या नंबरांवर ठेवलेला असतो. तुमचा त्रेसष्ट नंबर तिसऱ्या पायरीवर सुरू होतो. मूळ खेळ सात नंबरवर आहे. दौड स्वीकारता येत नाही, क्षमस्व.

पाहुणा म्हणाला, "मॅडम, रूम मिलेगा ना?" तिनं किल्ली दिली. आधार कार्ड न बघता किल्ली दिली, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ती घरी गेली नाही. आधी विक्कीच्या दुकानात गेली. विक्कीनं सात नंबर लावला आणि दोघांनी पाहिलं. तीच निळी टोपी, तेच तोंड, पण छप्पर नाही. एक घर, एक दार, आणि बुटक्याच्या खांद्यावर पिशवी रिकामी. विक्कीनं परत एकदा पहिल्यापासून लावून पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, शप्पथ सांगतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

मग ती जानूशेठकडे गेली. जाऊन काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. पण कुणावर तरी चिडायचं होतं आणि आजारावर चिडून तीन वर्षं झाली होती. म्हातारा मुलाच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला. तिनं ओळख दिली आणि सरळ विचारलं, पोस्टमन सात नंबरला असताना तुम्ही पोरांना त्रेसष्ट का लावून द्यायचात.

त्याला आठवायला वेळ लागला नाही. अशा माणसांना तेवढंच आठवतं.

"आगं, सात नंबर लय सोपा," तो म्हणाला. "पयल्या दोन घरांत पोरं मरतच न्हवती. येकेक कारटं येका रुपयात तास-तास बसायचं. तिसऱ्यापासनं लावलं की धडाधड मरायची. पोरं मरंनात तर माझं दुकान कसं चालणार?"

म्हातारा हसत होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला. मग त्यानं विचारलं, "निवृत्ती गँगमनचा पोरगा ना तुजा नवरा? आजारी हाय म्हनं. लय चिवट हुता. त्याचे जीव लवकर संपायचे न्हाईत."

ती वळली आणि चालू लागली.

घरी येताना तिनं हिशेब केला. पत्र तिच्या मोबाइलवर आलं होतं. तिनं पुसून टाकलं आणि 'अजून तपासतायत' म्हणून सांगितलं तर तो वाट बघत राहील. वाट बघताना बोलेल. रोजचे पन्नास शब्द तिचे. किती दिवस? डिसेंबर, फार तर जानेवारी. मग ना तो विचारू शकणार, ना तिला सांगावं लागणार. हिशेब बरोबर येत होता. दाराशी चपला काढेपर्यंत तो बरोबर येत होता.

तिनं सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं. जानूशेठचं बोलणं त्याच्याच आवाजात सांगितलं.

धम्मदीप खिडकीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "दाखव."

तिनं सात नंबर लावला. बुटका दारातून घरात शिरला. आत टेबलावर रेडिओ, भिंतीवर घड्याळ, एक चांदीचा पेला, खुंटीला छत्री, आणि पिंजऱ्यात कोंबडी. यशोधरानं बटण दाबलं तसा त्यानं रेडिओ उचलून पिशवीत घातला. घड्याळ घातलं. पेला घातला. वरच्या मजल्यावर दिवा लागला, कुणीतरी ओरडलं आणि कुत्रं सुटलं.

धम्मदीपच्या घशातून आवाज आला. हिराबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि त्या धावत आल्या, त्यांना वाटलं ठसका लागला. तो हसत होता. त्याचं हसू हल्ली तसंच ऐकू येई.

"चोर," तो म्हणाला. "चोर आहे."

हिराबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मंग? पिशवी घिऊन छपरावनं पळनारा कोन आसतोय? मी तवाच म्हनली आसती, पन मला कुनी इचारलं न्हाई."

तीस वर्षं अख्खी भांगरवाडी एका चोराला पोस्टमन समजत आली होती. यशोधरालाही हसू आलं. तिघंही हसत होती, आणि त्यातला धम्मदीप मध्येच थांबला. त्याची नजर पडद्यावर होती. बुटका पळत होता, पण जरा वेगळा पळत होता.

"वजन," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं. तिनं खेळ परत सुरू केला, एकदा सगळं उचललं, एकदा नुसती छत्री उचलली. काहीच उचललं नाही तर दार उघडत नव्हतं. छत्रीच घेतली तर बुटका वाऱ्यासारखा पळत होता. सगळं घेतलं तर तो त्रेसष्ट नंबरसारखा पळत होता.

त्रेसष्ट नंबरमध्ये पिशवी पहिल्यापासून भरलेली असायची.

म्हणजे नुसत्या दोन पायऱ्या पुढं जोडून भागणार नव्हतं. हलक्या पिशवीनं पळायचं तर प्रत्येक उडी आधी येणार, प्रत्येक कुत्रं वेगळ्या जागी भेटणार. दहा महिन्यांतली एक फ्रेमसुद्धा कामाची नव्हती. एकशे चारच्या हिशेबानं, दहा महिन्यांत त्या बुटक्यावर किती शब्द गेले असतील, ते तिनं मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

"बंद कर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एकतीस शब्द. तिसऱ्या दिवशी सव्वीस. मग बावीस. 'खेळ' रकान्यात शून्य, शून्य, शून्य. हे शून्य तिनं किती महिने मागितलं होतं. पण 'घर' रकानाही त्याच्याबरोबर खाली चालला होता, आणि तिच्या वाट्याला 'पाणी' सोडून काही येत नव्हतं. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, आजार इतक्या झपाट्यानं वाढत नाही, ते बोलायचं सोडतायत का बघा. डोळ्यांनी हो-नाही करायला शिकवून ठेवू, मॅडम पुढं म्हणाल्या. यशोधरा हो म्हणाली. फोन ठेवून ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला. हिराबाईंना तसंही ऐकू गेलं नसतं, पण सवय.

पाचव्या दिवशी चारला तिनं कॉम्प्युटर लावला. धम्मदीपची खुर्ची पडद्यासमोर ओढली. तो नको म्हणून डोळे मिटून बसला, तर तिनं आवाज वाढवला. कुत्र्याच्या भुंकण्यानं शेजारची सारिका विचारायला आली, पाळलंय का काय.

तिनं एकटीनं सुरू केलं. त्याचे शब्द लागायला नकोत, म्हणून एकटीनं. आन्सीला तिनं खरं काय ते लिहिलं, आजारासकट. त्यानं दया दाखवणारी एक ओळ लिहिली आणि कामाच्या चाळीस. कुत्रं कुठल्या फ्रेमला वळतं, जिन्याच्या कितव्या पायरीवरून उडी धरायची. त्याचं इंग्रजी तिच्याइतकंच तोडकं होतं, त्यामुळे दोघांचं जमलं. छत्री उचलायला तिला दोन दिवस लागले. जिना चढायला तीन. हात चुकायचा, ती मागं जायची. मॅनेजर म्हणाला, हल्ली तुझं रजिस्टरात लक्ष नसतं. खरंच नव्हतं. पाहुणा समोर यायचा आणि ती त्याला फ्रेम-फ्रेमनं येताना बघायची.

ती खेळायला लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून धम्मदीप डोळे उघडे ठेवू लागला. बोलत नव्हता. बुटका भिंतीला आपटला की त्याच्या भुवया हलायच्या, तेवढंच. शब्द अठरावर आले. मग पंधरा.

बाराव्या दिवशी पहिली पायरी पुरी झाली. एक मिनिट, दोन सेकंद. तिनं ती सुरुवातीपासून सलग लावून दाखवली. दार, छत्री, जिना, कुत्रं, मागची भिंत, छप्पर. हिराबाईसुद्धा पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. संपल्यावर यशोधरानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम नाही. कीबोर्डवरची धूळ पुसत बसली.

तो तोंड जुळवत होता. ओठ जुळायला वेळ लागत होता, आणि ती थांबली. शब्द एकेक करून आले. मध्ये इतकी जागा, की प्रत्येक शब्द वेगळा लिहिता आला असता.

"भिंतीवरची उडी एक फ्रेम उशिरा मारलीस. पण राहू दे."

हिराबाईंनी विचारलं, काय म्हनला. यशोधरानं सांगितलं नाही. 'राहू दे' हा शब्द त्या घरात कुणाच्याही तोंडी शोभला असता, याच्या नाही. शंभराव्या हिश्शासाठी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस हा. पार्ल्याच्या पुड्यातली बिस्किटं मोजणारा. हा राहू दे म्हणाला, म्हणजे हा निघाला.

"राहू दे कसं?" ती म्हणाली. आवाज चढला होता, तिला स्वतःला ऐकू आला. "एक्केचाळीस हजार वेळा मला मागं नेलंत, तेव्हा एकदा तरी राहू दे म्हणालात? आता माझ्या वेळेला राहू दे होय? आणि ते तपासणारे? त्यांना काय, राहू दे म्हणून सांगू?"

बोलता बोलता तिनं खेळ भिंतीपर्यंत मागं नेला होता. बुटका पाय उचलून हवेत अडकला होता. पिशवीतून छत्रीची मूठ तेवढी बाहेर दिसत होती.

"किती मागं?" तिनं विचारलं.

हिराबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या.

"शब्द वाचवू नका," ती म्हणाली. "विचारतेय ना मी. किती?"

"सहा," तो म्हणाला.

तिनं मोजून सहा फ्रेम मागं घेतल्या. भिंत जरा लांब गेली. तिनं उडीच्या बटणावर बोट ठेवलं, आणि दाबायच्या आत त्याच्या घशातून परत आवाज आला. चिडलेला होता. सप्टेंबरातला होता.

"नाही. सात."

तिनं आणखी एक मागं घेतली.